लॅपटॉपच्या पोटावरचं झाकण

स्वस्तातला लॅपटॉप कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की आपण लगेच ब्रँडची नावं सांगायला लागतो. पण या स्वस्त लॅपटॉपचा इतिहास बघितला तर आधी विचारायचा प्रश्न वेगळाच निघतो: हा उघडता येतो का?

ऑक्टोबर 2007 मध्ये तैवानच्या असूस कंपनीने ‘ई पीसी 701’ आणला. सात इंची स्क्रीन, 512 एमबी रॅम, 4 जीबी साठवण, आणि विंडोजऐवजी लिनक्स. अमेरिकेत किंमत 399 डॉलर. आज हातातल्या स्मार्ट घड्याळात याहून जास्त मेमरी असते. पण ई-मेल बघायला, नोट्स लिहायला तो पुरायचा, आणि लोकांनी तो धडाधड घेतला.

त्याच्या पोटाला एक छोटं झाकण होतं. स्क्रू काढले की रॅमची पट्टी समोर. ती काढून मोठी पट्टी बसवायची, बस्स. सुरुवातीच्या मशीनवर तिथे स्टिकर होता: फाटला तर वॉरंटी रद्द. अमेरिकेच्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यापुढे अशी अट टिकत नाही, म्हणून ओरड झाली आणि कंपनीने माघार घेतली.

मग यात मायक्रोसॉफ्ट उतरली. व्हिस्टा या चिमुकल्या यंत्रांना झेपत नव्हता, म्हणून 2008 मध्ये त्यांच्यापुरती जुनी एक्सपी चालू ठेवली. ती कंपन्यांना स्वस्तात मिळायची, पण अटी होत्या: स्क्रीन 10.2 इंचांपेक्षा मोठी नको, रॅम 1 जीबीपेक्षा जास्त नको, हार्ड डिस्क 80 जीबीच्या वर नको. म्हणजे ही मर्यादा यंत्राची नव्हती, कराराची होती. स्वस्त लॅपटॉप फार चांगला झाला तर महागडा कोण घेणार, हा त्यामागचा हिशोब असावा असं मला वाटतं. पण करार कंपन्यांमधला होता, गिऱ्हाईकाचा त्याच्याशी काय संबंध? नेटबुक घरी आणायचा, झाकण उघडायचं, 2 जीबीची पट्टी बसवायची. दुकानात 1 जीबी, घरी 2.

ही पळवाट बंद झाली ती मात्र महागड्या बाजूने. जानेवारी 2008 मध्ये स्टीव्ह जॉब्सनी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला; त्याची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली होती. 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही तेच. पातळपणा हवा तर हे आलंच, असं तेव्हा लोकांनी मानून घेतलं. खरं सांगायचं तर सगळाच दोष कंपन्यांचा नाही: बॅटरी वाचवणारी एलपीडीडीआर रॅम चिपच्या अगदी जवळ लागते, आणि ती स्लॉटमध्ये बसवणं बरीच वर्षं जमतच नव्हतं. पण नंतर स्वस्त लॅपटॉपमध्येही सोल्डरिंग आलं. तिथे 4 किंवा 8 जीबी म्हणजे जन्मठेप.

थिंकपॅडच्या एकाच मालिकेत हा बदल दिसतो. 2018 च्या टी480 मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी खटकन निघते. 2019 च्या टी490 मध्ये अर्धी रॅम सोल्डर केलेली, स्लॉट एकच. नाव तेच, अंगही जवळपास तेच.

म्हणून बजेट कमी असेल तर नव्या कोऱ्या डब्याआधी ऑफिसमधून निघालेली जुनी मशीन बघा. तुम्ही अमेरिकेत असा, इंग्लंडमध्ये असा की दुबईत, कंपन्या तीन-चार वर्षांनी असे लॅपटॉप विकून टाकतात. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे अशी बरीच मशीन आता बाजारात येताहेत. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज 11 अधिकृतपणे चालते. त्याआधीची असेल तर लिनक्स टाका. पैसे देण्याआधी मॉडेलचा पूर्ण नंबर विचारा. शेवटी एक ‘एस’ जास्त असला तरी फरक पडतो: टी480एसमध्ये थोडी रॅम सोल्डर केलेलीच आहे.