नर्सबाईचे घर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागातील आरोग्यसेवेविषयी चार शब्द लिहावेत, अशी अध्यक्षाबाईंची आज्ञा झाली. मी डॉक्टर नाही, इतिहासकारही नाही. परंतु पन्नासहून अधिक वर्षे तुमसर तालुक्यात संसार केला आणि घरची-शेजारची पुष्कळ बाळंतपणे पाहिली. तेवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

तुमसर म्हणजे धानाची मोठी बाजारपेठ. आगगाडीची सोयही जुनी. तथापि उत्तरेला गोबरवाही, चिखला, लेंडेझरीकडच्या रानातल्या किंवा बावनथडी-वैनगंगेच्या काठच्या बाईला ती गाडी रात्री काय कामाची? पावसाळ्यात नाला भरला की तुमसरसुद्धा परदेश होई. अशा वेळी धावून येई ती दाई. सूपभर धान आणि एक लुगडे हीच तिची बिदागी. तिच्या हातात अनुभव होता, पण नाळ कापायचे हत्यार उकळून घ्यावे हे तिला कोणी शिकवले नव्हते. सातव्या-आठव्या दिवशी मूल ताठ होई, दूध ओढीनासे होई. आपण त्याला बाहेरची बाधा म्हणत असू. तो धनुर्वात होता.

डॉक्टरांची वाण आजची नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेऊन त्या परतल्या, पण सेवा घडण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये निवर्तल्या. पुढे १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा देशात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. आणि तेही बहुतेक शहरांत. त्या समितीच्या विचारातून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेबरोबर ती खेड्यांकडे आली. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदेचा कारभार सुरू झाला. राज्ये बदलली, अडलेल्या बाईची रात्र मात्र तशीच राहिली.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना संकोच होतो, पण वर्धापनदिनी केवळ कौतुकच लिहावे असे नाही.

१९७४ च्या सुमारास आमच्या खेड्याला नर्सबाई मिळाली. वयाने लहान, अविवाहित, परगावची. तिला राहायला घर हवे होते. घरे होती, पण कोणी दिले नाही. "एकटी बाई, उद्या काही बोभाटा झाला तर?" असे विहिरीवर बोलणे चाले आणि त्या बोलण्यात मीही होते. अखेर ती तुमसरला खोली घेऊन राहिली. सकाळच्या मोटारीने येई आणि सायंकाळच्या मोटारीने जाई. "नर्स गावात राहत नाही" अशी तक्रार करणारेही आम्हीच!

त्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या जावेला रात्री कळा सुरू झाल्या. दाईने मूल सुखरूप बाहेर काढले, पण रक्त थांबेना. बंडी जुंपली, तर नाला दुथडी भरलेला. पहाटे जाऊबाई गेली. सकाळच्या मोटारीने आलेली नर्सबाई दारात उभी राहिली. तिने आपली पिशवी उघडलीच नाही. आम्हाला ती एका शब्दाने लागेल असे बोलली नाही.

तेराव्यानंतर मामंजींनी स्वतः जाऊन तिला आणले आणि ओसरीलगतची खोली दिली. ती सहा वर्षे राहिली. रात्री-बेरात्री कंदील घेऊन तिच्याबरोबर जाण्याचे काम मी पत्करले. दाईला तिने हाताशी धरले, ब्लेड उकळायला शिकवले. जावेचे ते मूल तिच्या देखरेखीत वाढले. आज तो नातवंडांचा आजोबा आहे.

त्यानंतर पुष्कळ पालटले. २००५ पासून गावोगावी आशाताई आल्या. २०१५ साली बाळंतिणी व नवजात बालके यांचा धनुर्वात देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ज्यांनी ती ताठ झालेली मुले पाहिली, त्यांनाच या वाक्याचे मोल कळेल. १९४७ साली नागपूरला, २०१६ साली गोंदियाला आणि २०२४ साली भंडाऱ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तरीही केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची सुमारे ८० टक्के उणीव होती. इमारत वर्षात उभी राहते. माणूस टिकायला गाव लागते.

भगिनींनो, डॉक्टर नेमणे आपल्या हाती नाही. परंतु नेमून आलेल्या मुलीला निर्धास्त झोप लागेल अशी खोली, घरचे दोन घास आणि रात्रीची सोबत देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. आशाताईचे मानधन रखडले तर तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसणेही आपल्याच हाती आहे. मंडळाने पुढील वर्षी एवढे एक काम अंगावर घ्यावे, ही माझी विनंती. जाऊबाईच्या वेळी मी जे केले नाही, ते करण्याची आठवण म्हणून हा लेख.