शिदोरी आणि तुंबा

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला की हल्ली घरोघर दुसरी गडबड सुरू होते, ती प्रवासाची. कोणी गोव्याला निघतो, कोणी लेकाकडे पुण्याला, आणि ज्यांची ऐपत वाढली आहे ते नागपूरहून विमानात बसून आणखी दूर जातात. निघतात हौसेने, पण पुष्कळजण परततात ते पोट धरून. पहिल्या दिवशी मेजवानी, दुसऱ्या दिवशी आंबट ढेकर आणि तिसऱ्या दिवशी लंघन, असा कित्येकांच्या सुट्टीचा क्रमच ठरून गेला आहे. यावर उपदेश करणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. तथापि वाटसरूने वाटेत काय खावे आणि काय प्यावे, या प्रश्नाचा इतिहास मी बरीच वर्षे आस्थेने पाहत आलो आहे. आणि त्या आस्थेमागे माझ्या हातून घडलेला एक अपराध आहे. तो मी याच लेखात कबूल करणार आहे. पण आधी इतिहास.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा जुना प्रवास म्हणजे मुख्यतः यात्रा. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याला जायचे, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला जायचे. माझी आजी सांगे, की बैलगाडी जुंपण्याच्या आदल्या रात्री घरात चूल विझतच नसे. जाड भाकरी, जवसाची कोरडी चटणी, पोहे, मुरमुरे, गूळ आणि भाजलेले फुटाणे असा सगळा सरंजाम फडक्यात बांधला जाई. ज्यांच्या घरी दुभते असे ते कणीक दुधात भिजवून दशम्या करीत. यात एक हिशेब होता. पाण्याचा अंश जितका कमी तितका जिन्नस टिकाऊ. तेलतुपाने थबथबलेले पदार्थ उन्हात खवट होतात. म्हणून तेही बेतानेच. रानातून जाताना चार, टेंभरे आणि बोरे वाटेवर मिळत, तीच फळफळावळ. शिदोरीत चैन नव्हती, पण विचार पक्का होता. गाडीच्या धक्क्यांनी आधीच कुरकुरणाऱ्या पोटावर जड अन्नाचा भार घालू नये, हे त्या निरक्षर बायांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

परंतु जुन्याचे कौतुक करताना आपण फार लवकर विरघळतो. दशमी दुधात भिजविण्यामागे टिकाऊपणाइतकेच सोवळेही होते. पाण्यात शिजलेले अन्न विटाळते, दुधातुपातले तितके विटाळत नाही, अशी समजूत होती. म्हणजे शिदोरी ही जशी भुकेची तरतूद होती, तशी दुसऱ्याच्या हातचे खावे लागू नये म्हणून उभारलेली लहानशी भिंतही होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, १८६७ साली ती नागपूरला पोचली, आणि एका बाकावर अठरापगड जातींचे लोक बसू लागले. बाक एक झाले, पण पाणी एक झाले नाही. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या सोयी स्थानकास्थानकांवर होत्या. त्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत टिकल्या. आणि ज्यांना यातले कोणतेच पाणी मिळत नसे असेही प्रवासी होते.

त्यांतल्या एका प्रवाशाची हकीकत मराठी माणसाने विसरू नये. १९०१ साली साताऱ्याहून चार मुले आगगाडीने निघाली. वडिलांना भेटायला ती गोरेगावला जात होती. वडील तेथे नोकरीस होते. नवे कपडे होते, जवळ पैसे होते, आणि घरून दिलेली भरपूर शिदोरी होती. मसूर स्थानकावर ती उतरली. मुले महाराची आहेत हे समजताच एकही गाडीवाला त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, गाडी मुलांनीच हाकायची आणि मालकाने पायी चालायचे, या अटीवर ती निघाली. रात्री डबा उघडला; पण प्यायला पाणी नाही. नाक्यावरच्या माणसाकडे मागितले, तर त्याने डोंगराकडे बोट दाखविले. अन्न पुढ्यात असून ती चार मुले उपाशी निजली. त्यांतला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवली आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लोक जमतात तेव्हा मला ती चार मुले आठवतात. शिदोरी कितीही भरलेली असो, पाण्यावाचून ती घशाखाली उतरत नाही. प्रवासातल्या आहाराचा पहिला धडा मला या हकीकतीत सापडतो.

हा धडा आमच्या रानातल्या माणसांना मात्र फार पूर्वीपासून पाठ आहे. भामरागड, एटापल्लीकडे माडिया गोंड बाजाराच्या दिवशी कोसच्या कोस पायी चालत येतात, तेव्हा त्यांच्या खांद्याला एक तुंबा असतो. कडू भोपळा वाळवायचा, आतला गर काढायचा आणि त्या कवचाचे भांडे करायचे, हाच तुंबा. त्यात नुसते पाणी असते किंवा पातळ पेज असते. माडिया तिला जावा म्हणतात. तांदळाच्या कण्या किंवा कोदो-कुटकी भरपूर पाण्यात शिजवून ती करतात. आमच्याकडचे शेतकरी उन्हाळ्यात आंबील पितात, तीही याच घराण्यातली; आंबवलेले पीठ, ताक आणि मीठ. आपण शिदोरी बांधतो तेव्हा अन्न एका हातात आणि पाणी दुसऱ्या हातात घेतो, आणि घाईत पाणीच विसरतो. तुंबेवाल्याला विसरायची सोयच नाही. त्याचे जेवण हेच त्याचे पाणी. पळसाच्या पानाचा दोना करावा, झाडाखाली बसून दोन दोने घ्यावेत आणि पुन्हा वाटेला लागावे. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या व्यवस्थेतले शहाणपण निराळे सांगायला नको.

आता माझा अपराध.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही नववीच्या वर्गाची सहल मार्कंड्याला नेली. पहाटे थंडीत बस निघाली. मी व्यवस्थापक; माझ्या हातात शिटी आणि कागदावर वेळापत्रक. सहलीत सर्वांत मोठा खोळंबा कशाचा होतो हे मला अनुभवाने ठाऊक होते. म्हणून बस सुटताच मी उभा राहून मोठ्या रुबाबात बजावले, “पाणी बेताने प्या. बस सारखी थांबणार नाही.” मुलांनी ते हसण्यावारी नेले. मुलींनी मात्र ते आज्ञेसारखे पाळले. वाटेत मुलींना जाण्याजोगी जागा कोठे नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. दिवसभर खारट चिवडा, तळलेली भजी आणि शेव खाऊन, ऊन अंगावर घेऊन त्या देवळे पाहत हिंडल्या.

परतीच्या वाटेवर एक मुलगी पाय धरून रडू लागली. आधी पाय, मग कंबर, मग छाती. मला आधी वाटले, थकवा असेल. नंतर वाटले, आई आठवली असेल. हेही मनात आले होते, तेव्हा लिहायलाच हवे. तिच्या मैत्रिणीने हळूच सांगितले, “गुरुजी, तिले सिकल हाय.” मग मात्र माझे हातपाय गार पडले. बस सरळ ग्रामीण रुग्णालयाकडे वळविली. डॉक्टरांनी सलाईन लावले, वेदनाशामक औषध दिले. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, की मुलगी दिवसभरात किती पाणी प्याली. मी उत्तर दिले नाही.

रात्री तिची आजी आली. मोटारसायकलवर कोणाच्या तरी मागे बसून, डोक्याला लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळून. नातीच्या कपाळावरून हात फिरवून ती माझ्याकडे वळली. “गुरुजी, म्या बाटलीत आंबील देल्ली होती. पोरगी मने, गुरुजीनं पानी पिऊ नोका मनून सांगतलं.” त्या म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. बाटली तशीच भरलेली, पोरीच्या पिशवीत होती.

सिकलसेलविषयी मी जे वाचले ते त्यानंतर. या विकारात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला किंवा अंगातले पाणी आटले की कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा उठतात. अमेरिकेतल्या डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत ती आढळली आणि १९५८ च्या सुमारास नागपूरच्या डॉक्टरांनी ती विदर्भातही असल्याचे दाखविले. आज आमच्या जिल्ह्यांत हे नाव खेडोपाडी माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. म्हणजे माझ्या वर्गात असा विद्यार्थी असणे नवलाचे नव्हते. मला ते ठाऊक नसणे हेच नवल.

आजीच्या आंबिलीचीही मला मग नव्याने ओळख पटली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बंगालच्या सीमेवर निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे मरत होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर पाण्यात मिसळून ती तोंडाने पाजविली व असंख्य प्राण वाचविले. पुढे साखरेऐवजी तांदळाचे पीठ शिजवून घातले तरी काम भागते हेही सिद्ध झाले. शिजवलेला तांदूळ, पाणी, मीठ! तुंब्यातली पेज काही औषधाच्या मापाने केलेली नसते, हे खरे. पण तिची दिशा बरोबर होती.

वाचक म्हणतील, मास्तर, हे बैलगाडीचे आणि बसचे झाले. आम्ही विमानाने जाणार. विमानही आमच्या विदर्भाला परके नाही. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीची टपालविमाने सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची आणि उतारूंची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. आज नागपूरहून विमानात बसणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विमानातली हवा अतिशय कोरडी असते. घसा सुकतो, पण घाम दिसत नाही म्हणून तहान जाणवत नाही. आणि आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसून जेवतो. तेथे पोटातला वायू सव्वापट किंवा त्याहूनही अधिक फुगतो. म्हणून निघण्यापूर्वी हरभरा, वाटाणा, तळण आणि फसफसणारी पेये टाळावीत. भूक ठेवून जेवावे. दहीभात, केळे, मऊ पोळी यांसारखे हलके खावे. रिकामी बाटली बरोबर न्यावी, तपासणी झाल्यावर आत भरून घ्यावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावी. सिकलसेल असणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तेथे पाण्याबरोबर प्राणवायूचाही प्रश्न असतो.

सुट्टीच्या ठिकाणी गेल्यावरही सूत्र तेच. पूर्वीच्या प्रवाशाला काही मिळणार नाही याची धास्ती होती. आजच्या प्रवाशापुढे सर्व काही मांडलेले असते. भूक पाहून खाण्याऐवजी आपण पैसे वसूल करण्यासाठी खातो. त्या त्या प्रांताचा एखादा पदार्थ जरूर चाखावा, त्यासाठीच तर जायचे. पण दिवसातले एक जेवण तरी आपल्या घरच्या पद्धतीचे, साधे असावे. आजीच्या फडक्यातल्या शिदोरीत दुष्काळाची काटकसर होती. तीच काटकसर आज सुकाळात उपयोगी पडते.

आमच्या शाळेची सहल अजून जाते. शिटी माझ्याकडेच असते. वेळापत्रकात आता दर दीड तासाला एक थांबा आहे आणि तो मुलींसाठी सोय पाहून आधीच ठरवलेला असतो. बसच्या पुढच्या बाकाखाली आंबिलीची मोठी कळशी असते. ती कोणाच्या घरून येते हे सांगण्याची गरज नाही. ती मुलगी पुढे परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गेली. गेल्या वर्षी मुलाखतीसाठी तिला विमानाने जावे लागले. डॉक्टरांना विचारूनच गेली. उतरल्यावर तिने आजीला आधी आणि मला नंतर फोन केला. विमान कसे होते, ढग कसे दिसले, हे मी विचारणार तोच ती हसत म्हणाली, “गुरुजी, दोन बाटल्या संपवल्या.”

यंदाच्या दिवाळीत आपण कोठेही निघालात तरी करंजी-चकलीचा डबा अवश्य बरोबर घ्या. पण त्याआधी पाण्याची बाटली भरा. आणि बरोबर लेकीबाळी असतील, तर वाटेत गाडी थांबवायला कुरकुर करू नका.