१२९ ढालकिडे

आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर दर उन्हाळ्यात पांढरा कापूस येतो. कापूस म्हणजे अर्थातच पिठ्या ढेकूण. यंदा नर्सरीवाल्याने दिलेलं औषध फवारलं, आठ दिवस बरे गेले आणि पंधराव्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या! शनिवारी सकाळी चहा घेऊन याबद्दल वाचायला बसलो, तो थेट १८८८ सालच्या कॅलिफोर्नियात जाऊन पोचलो. गोष्ट इतकी भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मंडळी, १८६८ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात एक परकी खवले कीड शिरली. मूळची ऑस्ट्रेलियाची. दिसायला आपल्या पिठ्या ढेकणाची चुलत बहीण. मादीच्या मागे कापसासारखी पांढरी पिशवी आणि त्यात शेकडो अंडी. काम एकच, झाडाचा रस शोषायचा आणि चिकटा सोडायचा. मग त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. (आपल्याकडच्या संत्रावाल्यांना नुसतं 'कोळशी' म्हटलं तरी चित्र डोळ्यासमोर येईल.) पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ही कीड लॉस एंजेलिसच्या संत्र्याच्या बागांमध्ये पसरली. लोकांनी रॉकेल आणि साबणाचं मिश्रण फवारून पाहिलं, झाडांवर तंबू टाकून आत सायनाईडचा विषारी वायू सोडून पाहिला. काहींनी तर हात टेकले आणि झाडं उपटून जाळली.

अमेरिकन कृषी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ होते चार्ल्स रायली. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. ही कीड ऑस्ट्रेलियाची, मग तिथे तिचा एवढा त्रास का नाही? नक्कीच तिला खाणारं तिथे कोणीतरी असणार. मग माणूस पाठवा आणि शोधा! पण इथे आलं बजेट आडवं. रायलींच्या विभागातल्या लोकांनी परदेश दौरे करायचे नाहीत, अशी अटच संसदेने घातली होती. (ट्रॅव्हल अप्रूव्हलचं दुखणं बरंच जुनं आहे म्हणायचं!) शेवटी एक पळवाट निघाली. १८८८ साली मेलबर्नला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं. त्या प्रदर्शनाच्या पैशातून २००० डॉलर मिळाले आणि रायलींचा सहकारी अल्बर्ट कोबेले ऑगस्टमध्ये बोटीत बसला.

गंमत म्हणजे कोबेले गेला होता एक माशी आणायला. ही बारकीशी माशी त्या किडीच्या अंगात वाढते, हे ॲडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्डने आधीच कळवलं होतं. ती माशी कोबेलेला मिळालीसुद्धा. पण ऑक्टोबरमध्ये ॲडलेडच्या एका बागेत त्याला लाल-काळा, मसुराच्या दाण्याहून लहान असा एक ढालकिडा दिसला. तो ती कीड मजेत खात होता. कोबेलेने तेही पकडून बोटीने पाठवायला सुरुवात केली.

३० नोव्हेंबर १८८८ ला पहिले २८ ढालकिडे जिवंत पोचले. जानेवारीअखेर तीन खेपा मिळून १२९ झाले. लॉस एंजेलिसमधल्या वुल्फस्किल यांच्या बागेत कीड लागलेल्या एका संत्र्याच्या झाडाभोवती तंबू उभारला आणि त्यात ते सोडले. (टेस्ट एन्व्हायर्नमेंट!) एप्रिलपर्यंत झाड जवळजवळ साफ झालं, तेव्हा तंबूची एक बाजू उघडली. १२ जून १८८९ पर्यंत तिथून १०,५५५ ढालकिडे दोनशेहून जास्त बागायतदारांना वाटून झाले होते. वर्ष संपेपर्यंत कीड आटोक्यात आली. लॉस एंजेलिस काउंटीतून बाहेर जाणारी संत्री वर्षभरात ७०० वॅगनवरून २००० वॅगनवर गेली.

हे जमलं कसं? हा ढालकिडा जवळपास ही एकच कीड खातो. मादी थेट त्या पांढऱ्या पिशवीवर अंडी घालते, त्यामुळे अळीला जन्मल्या जन्मल्या जेवण तयार. शिवाय त्याची पिढी किडीच्या पिढीपेक्षा लवकर तयार होते. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात अजून घोळते आहे. त्याने ती कीड संपवली नाही. थोडी कीड उरते म्हणून थोडे ढालकिडे उरतात, आणि ढालकिडे आहेत म्हणून कीड थोडीच राहते. हा हिशोब बागेत चालूच असतो, फक्त तो कोणाला दिसत नाही.

आणि जे दिसत नाही ते आपण विसरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. याच डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधासाठी पॉल म्युलरना १९४८ साली नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियात सॅन वाकिन खोऱ्यातल्या बागांमध्ये १९४६-४७ च्या सुमाराला ते दुसऱ्या किडींसाठी फवारलं गेलं. ढालकिडे मेले आणि जवळजवळ साठ वर्षं गप्प बसलेली ती पांढरी कीड पुन्हा उसळली! मग फवारणी आवरती घेतली, ढालकिडे पुन्हा आणून सोडले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं एखादी स्क्रिप्ट बिनबोभाट चालत असते. ती काय करते ते कोणालाच आठवत नाही, आणि साफसफाईत कोणीतरी ती उडवतं. तसंच हे.

कोबेलेने १८९१-९२ च्या दुसऱ्या फेरीत ऑस्ट्रेलियातून आणखी एक ढालकिडा आणला, क्रिप्टोलेमस. हा पिठ्या ढेकणावर जगतो. १८९८ साली तो भारतात आला आणि आज आपले द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणासाठी तोच सोडतात. पण त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. पटकन बघितलं तर वाटतं, अरे, हा तर मोठा पिठ्या ढेकूण! औषधाची बाटली हातात असेल तर पहिला नंबर तिचाच लागायचा.

म्हणून आज संध्याकाळी भिंग घेऊन जास्वंदीपाशी बसणार आहे. जो पांढरा कापूस तुरुतुरु चालत दुसऱ्या कापसाला खात असेल, त्याला हात लावायचा नाही. बाटली तूर्तास माळ्यावर.