रक्त की घाम?

मिडवेचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा द्वंद्वयुद्धाचा खेळ १९९२ मध्ये अमेरिकेतील आर्केडमध्ये आला. १३ सप्टेंबर १९९३ रोजी त्याच्या घरगुती आवृत्त्या निघाल्या. त्या पुन्हा शेजारी ठेवून पाहताना आम्हांला पोथ्यांतले पाठभेद आठवले. निन्टेंडोच्या प्रतीत चित्रे मूळच्या अधिक जवळची, पण रक्ताच्या जागी करडा घाम, आणि अखेरचे जीवघेणे डाव सौम्य केलेले. सेगाच्या जेनेसिसवर रंग कमी, आवाज उणा; रक्त मात्र शाबूत, तेही ए-बी-ए-सी-ए-बी-बी असा बटणांचा मंत्र जाणणाऱ्यालाच दिसणारे. अस्सल पाठ कोणता? आम्ही सेगाचा धरतो. घामाच्या पाठात ठोसे तसेच राहिले, पुसली गेली ती फक्त त्यांची खूण. गिऱ्हाइकांचा कौलही सेगालाच मिळाला. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली. १९९४ मध्ये वयानुसार श्रेणी देणारे मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात निन्टेंडोनेही तेथे रक्त राहू दिले.