मंद होणारे दिवे आणि न विझणारा दिवा

सभागृह एकच, पण सकाळी भाषण, दुपारी बक्षीस समारंभ, रात्री नाटक, हे आपल्याला काही नवीन नाही. भाषणाला टिपणं घेण्यापुरता उजेड लागतो, समारंभाला एकमेकांचे चेहरे दिसावे लागतात आणि नाटकाला प्रेक्षागृहात अंधार हवा असतो. मग खोली तीच ठेवून उजेड बदलायचा कसा?

मेणबत्त्यांच्या काळात हे अवघडच होतं. झुंबरं नाटकभर जळतच राहायची. १८१७ पासून लंडनच्या नाट्यगृहांत गॅसचे दिवे आले. पुढे सगळ्या तोट्या एका जागी आणल्या गेल्या आणि एक माणूस हव्या त्या भागातला उजेड कमी-जास्त करू लागला. १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या नाट्यगृहात प्रेक्षक जवळजवळ अंधारात बसले.

पण गॅस म्हणजे शेवटी ज्योतच. १० ऑक्टोबर १८८१ ला लंडनचं सॅव्हॉय थिएटर उघडलं, ते स्वान यांच्या विजेच्या दिव्यांनी. एकूण दिवे सुमारे १२००. सुरुवातीला वीज पुरेना, म्हणून फक्त प्रेक्षागृह उजळलं. रंगमंचावर हे दिवे आले २८ डिसेंबरला. त्या दिवशी मालक डॉयली कार्ट यांनी पेटता दिवा मलमलीत गुंडाळून सर्वांसमोर फोडला. कापड जळलं नाही.

आता या दोन तारखांच्या मधला ८ डिसेंबर बघा. व्हिएन्नाच्या रिंगथिएटरमध्ये गॅसच्या दिव्यांमुळे रंगमंचावर आग लागली. गॅस बंद केला गेला, आणि त्याबरोबर सगळी इमारत काळोखात बुडाली. आणीबाणीसाठी तेलाचे दिवे होते, पण ते लावलेलेच नव्हते. शेकडो माणसं गेली.

यावरून कुणी म्हणेल, वीज आली, प्रश्न मिटला. तसं नाही. सगळे दिवे एकाच बटणावर असतील, तर वीज असूनही काळोख तोच. सॅव्हॉयने म्हणूनच गॅसची सोयही हाताशी ठेवली होती.

तेव्हा सभागृहाची प्रकाशयोजना करताना आधी दोन याद्या करा. कोणते दिवे मंद व्हायला हवेत, ही पहिली. जिने, बोळ आणि बाहेरच्या दारावरचे कोणते दिवे कधीच विझता कामा नयेत, ही दुसरी. दुसऱ्या यादीची तार वेगळी, तिचा वीजपुरवठाही वेगळा. हौसेने आपण पहिली यादी करतो. व्हिएन्नातली माणसं दुसऱ्या यादीअभावी गेली.