तीन मिनिटांची पेटी

कळंबोलीत संध्याकाळी पेटी ऐकायची तर आधी खिडक्या लावाव्या लागतात. लोखंड बाजारातून निघालेल्या ट्रेलरचे हॉर्न कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. परवा खिडक्या लावून मोबाइलवर पी. मधुकरांची पेटी लावली. रंग भरला आणि संपलीसुद्धा. जेमतेम तीन मिनिटं! यंत्र बदललं, माप अजून जुन्या तबकडीचंच.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे वाद्य मुळात पॅरिसचं. देबँ नावाच्या कारागिरानं 1842 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तिथं खुर्चीवर बसून पायानं भाता मारायचा. आपली बैठक जमिनीवरची, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे नेऊन हाताशी दिला. सोय झाली, पण डावा हात त्यात अडकला तो कायमचाच. पियानोवाला दोन्ही हातांनी दोन गोष्टी सांगतो. आमच्या पेटीवाल्याचा एक हात श्वास सांभाळतो. मला हा तोटा वाटत नाही. पियानोचा सूर उमटताक्षणी विरायला लागतो. पेटीचा टिकतो, भरतो, दबतो. गळ्याच्या जवळ जायचं तर हेच हवं.

तरी पेटी बसायची गवयाच्या शेजारी, त्याच्या मागून चालत. तिला एकटीला मैफलीत बसवणाऱ्यांत मोठं नाव गोविंदराव टेंब्यांचं. जन्म 1881चा, कोल्हापूरकडचा. भास्करबुवा बखल्यांची गायकी ऐकून ऐकून त्यांनी बोटांत उतरवली. 1911च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चालीही त्यांच्याच. एकल पेटीला मराठी मुलखात श्रोते मिळाले ते, माझ्या मते, नाट्यपदांमुळे. पद लोकांना पाठ; पट्ट्यांवर नुसती चाल वाजली तरी शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतात. पेटीला शब्द नाहीत याची अडचण तिथं उरतच नाही.

मग तबकडीनं तिला कात्री लावली. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. सावकाश आलापी करायला वेळच नाही. पहिल्या सुरात राग दिसला पाहिजे, दोन-चार ताना, मुखड्यावर येऊन संपवायचं. पी. मधुकरांनी, म्हणजे मधुकर पेडणेकरांनी, या अडचणीचीच कला केली.

एवढ्यात 1 मार्च 1940पासून आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं. आरोप असा, की तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती नाहीत. आरोप खोटा नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधे खरोखरच काही नसतं. बंदी सैल झाली 1971मध्ये, तीही साथीपुरती. मधल्या काळात रेडिओवर न वाजणारी पेटी घरोघरच्या ग्रामोफोनवर वाजत राहिली.

मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर, गोव्यातल्या बोरीचे. त्यांना 2016मध्ये पद्मश्री मिळाली. आता एकल पेटीची मैफल तासभर सहज चालते. मी तीही ऐकतो. पण पुढचा सूर लागेपर्यंत मागची पट्टी किंचित धरून ठेवायची, भाता जरा हलका करायचा आणि नसलेल्या मींडेचा भास द्यायचा, ही लबाडी त्या तीन मिनिटांत जास्त स्वच्छ कळते. फक्त खिडक्या लावलेल्या हव्यात.