कोरा कागद

कुंडलिका जिथं समुद्राला मिळते, त्या मुखाशी आमचा कोळीवाडा. मच्छीमार सोसायटीत मी सेक्रेटरी म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या नाखवाने सांगितलं होतं, "बाला, जाळा फाटला तर शिवता येतो. कागूद फाटला तर नाय." मी हसलो होतो.

दर्यावर कागद लागतो, ही गोष्ट इथं नवी नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना दस्तक घ्यावं लागे. दस्तक नसेल तर गलबत धरलं जाई. पुढं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केलं, १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. राज्यं बदलली, पण होडी आणि कागद यांची गाठ काही सुटली नाही.

आमच्या काळातला कागद डिझेलचा. यांत्रिक होडीचा सगळ्यात मोठा खर्च डिझेल, आणि त्यावर राज्याचा कर. आधी विक्रीकर, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट. मच्छीमाराने डिझेल पूर्ण भावाने घ्यायचं, पैसे रोख मोजायचे. मग त्यातला कर सरकार परत करणार. आम्ही त्याला नुसतं 'परतावा' म्हणतो. तो मिळायचा तर होडीची नोंदणी हवी, परवाना चालू हवा, आणि कुठल्या होडीने किती लिटर उचललं याची यादी सोसायटीने करून सही-शिक्क्यानिशी वर पाठवायला हवी. यादीत एक आकडा चुकला तर ती परत यायची.

कागद पोचवायचा म्हणजे वडखळ नाक्यावरून एसटी, नाहीतर मांडव्याहून लाँच. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद. म्हणून घाईच्या वेळी फॅक्स. बाजारात एसटीडी-पीसीओचं पिवळं पाटीवालं बूथ होतं, तिथं ते यंत्र. कागद आत सरकवायचा, कर्रर्र आवाज व्हायचा, लाईन मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी 'ओके' लिहिलेली चिठ्ठी बाहेर आली की जीव भांड्यात पडायचा. फॅक्स ही नुसती आगाऊ प्रत. सहीची मूळ प्रत मागाहून टपालाने जायला हवी, हा शिरस्ता.

२००७ चा मार्च. एका नाखवाच्या होडीचा नंबर यादीत चुकला होता. दुरुस्त यादी ३१ मार्चच्या आत द्या, असा निरोप आला. मी त्याच संध्याकाळी, म्हणजे ३१ तारखेलाच, बूथ गाठलं. तिसऱ्या खेपेला फॅक्स गेला. 'ओके'ची चिठ्ठी फाईलला लावली आणि नाखवाला सांगितलं, "गेला कागद." पुढं लग्नसराई आली, हळदी आल्या. मूळ प्रत टपालात टाकायची राहिली ती राहिलीच. चूक माझी.

पाऊस सुरू झाला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या. बाकीच्यांचा परतावा मंजूर झाला, त्या एका होडीचा नाही. दुरुस्ती मुदतीत आल्याचा पुरावा द्या म्हणाले. मी ऐटीत फाईल उघडली. चिठ्ठी कोरी! फॅक्सचा तो गुळगुळीत कागद शाईने छापत नाही, उष्णतेने काळा होतो. उन्हात, दमट हवेत अक्षरं उडून जातात. झेरॉक्स काढून ठेवायची असते, हे मला तेव्हा कळलं.

नाखवा कोऱ्या कागदाकडं बघत बसला. रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, जाळं भरायचं होतं, इंजिनाचं काम होतं. त्यानं मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. उचल घेतली की हंगामभर मासळी त्यालाच घालायची, तो म्हणेल त्या भावाने. हे कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या आधी ऑडिटसाठी व्हाउचरं काढली. किरकोळ खर्चाच्या गठ्ठ्यात बूथच्या बिलाची चिठ्ठी टाचलेली सापडली. मशीनवर शाईच्या फितीने छापलेली, जांभळट अक्षरं शाबूत. तारीख ३१, वेळ, लावलेला नंबर, मिनिटं, रुपये. मी पहिली एसटी पकडली. साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, झेरॉक्स ठेवून घेतली. त्या होडीचा परतावा निघाला, पण तोवर हंगाम अर्धा सरला होता. उचल फिटायला त्याला आणखी एक हंगाम लागला.

आता बूथ गेलं, तिथं मोबाईलचं दुकान आहे. होड्यांची नोंदणी ऑनलाईन झाली. २०१७ ला जीएसटी आला, पण डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, म्हणून व्हॅटही आहे आणि परताव्याची वाट बघणंही आहे. तो नाखवा आता नाही. त्याचा मुलगा मोबाईलवर अर्ज भरतो आणि वर मला विचारतो, "काका, पोचला असल ना?"

मी त्याला सांगतो, पोचल्याची पावती छापून घे, आणि साध्या कागदावर घे.